हजारातला एक

२०२० सालच्या २० मे रोजी दुपारी बंगळुरूहून भाच्याचा फोन आला, "मामाजी, भूकंप! खिडक्या थरथरल्या!" इकडे पवनीत वैनगंगा शांत होती आणि सौ. लोणच्याच्या बरण्या पुसत होती, तेव्हा मी त्याला भरपूर धीर दिला. पण भूकंपमापकावर नोंदच नव्हती! हवाई दलाच्या चाचणी केंद्राचे विमान आवाजापेक्षा वेगाने गेले होते, त्याचा तो धडाका.

आता मी पडलो बी.कॉम. आवाजाशी माझा संबंध काउंटरपलीकडच्या आरड्याओरड्यापुरता. तरी वाचून एवढे उमगले की, असे विमान आले की हवेच्या लाटांना बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. पगाराच्या दिवशी आमच्या काउंटरवर माणसे चढतात, तशा त्या एकमेकींवर चढतात आणि धडाम्! तेही एकदाच नव्हे, विमान जाईल त्या वाटेवर सगळीकडे.

पण हे लोकांना सोसवेल किती? १९६४ साली अमेरिकेने ओक्लाहोमा सिटी हे अख्खे शहरच मोजायला घेतले. ३ फेब्रुवारीपासून सहा महिने, दिवसाला आठ याप्रमाणे १,२५३ धडाके! पहिला सकाळी सातला. काहींनी म्हणे गजर लावणेच सोडले.

यंत्रांनी दाब मोजला. चौरस फुटाला पौंड-दोन पौंड, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाचा हजारावा भाग. हजाराच्या ठेवीत एक रुपया! तरी पहिल्या चौदा आठवड्यांत शहरातल्या दोन सर्वांत उंच इमारतींच्या १४७ काचा फुटल्या. नुकसानीच्या तक्रारी साडेनऊ हजार, रीतसर दावे ४,६२९, भरपाई मंजूर २२९. हे वाचून परमुलखात सख्खा चुलतभाऊ भेटल्यासारखे वाटले.

मग माणसे मोजली. सुमारे तीन हजार जणांना विचारले. शेवटी ७३ टक्के म्हणाले, चालेल. २७ टक्के म्हणाले, मुळीच नाही. पाऊण शहर राजी, पण उरलेला पाव भाग काही कुठल्या खात्यात बसेना. १९७३ मध्ये तिथे नागरी विमानांना जमिनीवरून अशा उड्डाणाची बंदी झाली. २०२५ मध्ये ती उठवण्याचा आदेश निघाला. म्हणजे फाइल पुन्हा टेबलावर!

हा हिशेब मी शाखेत रंगवून सांगत होतो. पलीकडे पेन्शन जमा न झालेली एक कोष्टी म्हातारी उभी होती. मी म्हणालो, "आजी, हजारात एखादी चूक होतेच."

"होते ना बाबू," ती म्हणाली, "पण ते हजारातली एक मीच होय ना जी?"

मुकाट्याने कागद पुन्हा काढले. अर्जावर खाते क्रमांक मीच उतरवला होता. माझ्या हातचा ९ हा १ सारखा दिसत होता.