खांबाचा घेर काय सांगतो

दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले, त्यांनी आव्हान टाकले आणि ते उचलायला कोणी पुढे येईना. तेव्हा तरुण बाळंभटदादा देवधरांनी तयारीसाठी मुदत मागून घेतली, नाशिक जिल्ह्यातल्या वणीचा सप्तशृंगगड गाठला आणि देवीची आराधना केली. तिथे मारुतीने दर्शन देऊन लाकडी खांबावर त्यांना डाव शिकवले, अशी आख्यायिका महाराष्ट्रातल्या तालमींमधून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. दृष्टान्ताची शहानिशा इतिहासाला करता येत नाही. पण या कथेत एक दावा असा आहे की तो तपासता येतो: मल्लखांब हे मुळात कुस्तीचे साधन आहे, कसरतीचे नव्हे. त्याचा सर्वांत भरवशाचा पुरावा कोणत्या बखरीत नसून खांबाच्या जाडीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

पुरलेल्या मल्लखांबाची मापे पाहा. जमिनीवर तो साधारण अडीच मीटरच्या थोडा वर जातो. बुडाशी त्याचा घेर सुमारे 55 सेंटीमीटर, म्हणजे व्यास सतरा-साडेसतरा सेंटीमीटर. वर जाताना तो निमुळता होतो, मग मान येते आणि मानेवर बोंड. हाताच्या मुठीत धरायचा म्हणून कोणी खांब घडवला असता, तर तो इतका जाड कधीच केला नसता. बुडाशी दोन्ही हातांचे पंजे जोडले तरी बोटे एकमेकांना भिडणार नाहीत. हा खांब कवेत घ्यायचा आहे. अढीत तो मांड्यांनी आवळायचा, बगलीत काखेत दाबायचा. एखाद्या मल्लाची मांडी साधारण याच घेराची असते, आणि वरची बारीक मान व डोक्यासारखे बोंड पाहिले की सुताराच्या डोळ्यासमोर कोण उभे असावे याबद्दल फारशी शंका उरत नाही. जोडीदार न थकता, न दुखावता दिवसभर उभा राहील, अशी ही सोय होती. पकड बसवणे, ती मोडून दुसरी घेणे, उलटे होऊनही तोल न सोडणे, ही सगळी कुस्तीतली गरज. जाडी त्या गरजेतून ठरली.

यावर पहिला आक्षेप एरंडेलाचा. पकड शिकायची तर शिसवाच्या किंवा सागाच्या खांबाला तेल लावून तो निसरडा कशाला करायचा? पण आखाड्यात घामाने निथळणारा प्रतिस्पर्धी कोरडा कुठे असतो? शिवाय कोरड्या लाकडावर मांडी घासली तर कातडी सोलवटते. तेलामुळे घर्षण कमी होते आणि शरीराला नुसत्या कातडीच्या चिकटपणावर लटकता येत नाही. स्नायूंनी आवळावेच लागते. म्हणून जाडी आणि तेल हे एकाच हेतूचे दोन भाग आहेत, आणि एक बदलला की दुसऱ्याचा अर्थ जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दोरीचा मल्लखांब तर बोटाएवढा, जेमतेम दोन सेंटीमीटर जाडीचा. मग जाडीला एवढे महत्त्व का? इथे इतिहासच उत्तर देतो. दोरीच्या आधी वेताचा मल्लखांब होता, आणि तसा वेत मिळेनासा झाल्यावर सुती दोर आला. त्या बारीक साधनाने वेगळी विद्या घडवली: पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोर धरायचा, गाठ न मारता त्याचे वेढे अंगाभोवती घ्यायचे. त्यात कुस्तीतला जोडीदार उरला नाही, लवचीकपणा आणि आसने पुढे आली. म्हणजे जाडी बदलली तशी कलाच बदलली. हा आक्षेप माझ्या म्हणण्याला बळच देतो.

बाळंभटदादांना या खांबाचे जनक म्हणावे का, हा प्रश्न त्यामुळे वेगळ्या प्रकाशात दिसतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या व्यायामात खांबावरचा श्रम आलेला आहे. खांब पेशवाईच्या कित्येक शतके आधीचा आहे. बाळंभटदादांचे श्रेय त्याला पुन्हा उभे करण्याचे आणि शिष्यपरंपरेने दूरवर नेण्याचे, आणि ते थोडे नाही.

अलीकडे आणखी एक दावा ऐकू येतो की परदेशातले पोल डान्स किंवा पोल स्पोर्ट मल्लखांबातून निघाले. अभिमान वाटावा असा हा दावा मापांपुढे टिकत नाही. तिथल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा खांब धातूचा, 45 मिलिमीटर व्यासाचा; घेर साधारण 14 सेंटीमीटर. तो पंजात मावतो, कोरडा ठेवतात आणि उघड्या कातडीच्या घर्षणावर कसरत चालते. तिथेही 45 की 50 मिलिमीटर हा वाद आहेच: बारीक खांबावर बोटे घट्ट मिटतात, जाड खांबावर पायांची पकड बसते. त्या निवडीत हाताला प्राधान्य मिळाले. आपल्याकडे मांडी आणि बगलेला. दोन्ही कला आपापल्या जागी आदरास पात्र आहेत, पण ओढूनताणून नाते जोडले तर मल्लखांबाचे खरे नाते, कुस्तीशी असलेले, झाकले जाते.

आता मल्लखांब स्पर्धेचा खेळ आहे. 1981 मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला, 2019 मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. स्पर्धेत गुण उंच सफाईदार आसनांना, वेगाला आणि उडीला मिळतात, आणि त्यासाठी खांब थोडा बारीक असता तर बरे, असे कोणाला वाटू शकते. लहान मुलांसाठी ते रास्तच आहे. ज्या पोराच्या मांड्यांत खांब मावत नाही त्याला अढी शिकवणे म्हणजे छळ. पण प्रौढांच्या खांबाचा घेर सोयीसाठी उतरवला, तर हाताची कसरत वाढेल आणि अढी-बगलीची विद्या मागे पडेल. नाशिकच्या आणि इतर गावांच्या जुन्या व्यायामशाळांना म्हणून एक विनंती आहे. जुना खांब बदलायची वेळ आली, तर तो उपटण्याआधी बुडाचा, मधला आणि मानेचा घेर फितीने मोजून वहीत लिहून ठेवा, लाकूड कोणते तेही लिहा, आणि नवा खांब घडवणाऱ्या सुताराच्या हाती तो कागद द्या.