मयत भाडेकरूसमवेत ‘राहणारे’ कुटुंबीय : एका कायदेशीर संज्ञेचा इतिहास

अमुक इसम अमुक घरात राहतो, हे विधान व्यवहारात सोपे वाटते. परंतु त्यावर एखादा हक्क अवलंबून असला म्हणजे त्यातील प्रत्येक शब्द वादग्रस्त ठरतो. मुंबईतील भाडेनियंत्रणाच्या कायद्यात हे विशेष स्पष्टपणे दिसून येते. भाडेकरू मरण पावल्यावर खोलीचा ताबा कोणाकडे जावा, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्याने प्रथम वारसाहक्कात न शोधता सहवासात शोधले. या निवडीची कारणे व तिचे परिणाम तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या तरतुदीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकली, 1915 साली ग्लासगो येथे भाडेकरूंनी भाडेबंदी पुकारली, आणि त्याच वर्षअखेरीस पार्लमेंटने भाडेवाढीस आळा घालणारा कायदा केला. 1920 च्या कायद्याने ‘भाडेकरू’ या संज्ञेत मृत्युसमयी त्याच्यासमवेत राहणाऱ्या विधवेचा समावेश केला. विधवा नसल्यास, अथवा मयत भाडेकरू स्त्री असल्यास, तसाच सहवासी असलेला कुटुंबीय भाडेकरू ठरे. 1933 साली अशा कुटुंबीयासाठी किमान सहा महिन्यांच्या सहवासाची अट घालण्यात आली. मृत्यू जवळ आलेला पाहून घाईने मुक्कामास येणाऱ्या नातलगास वगळावे, हा या अटीचा उघड परिणाम होय.

मुंबई प्रांतात 1918, 1939 व 1944 असे भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. त्यांच्यामागून आलेला 1947 चा कायदा 13 फेब्रुवारी 1948 पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमातील अकराव्या व्याख्येने, मृत्युसमयी भाडेकरूबरोबर राहणाऱ्या त्याच्या कुटुंबातील कोणाही व्यक्तीस भाडेकरू मानले. आपसांत एकमत न झाल्यास निर्णय न्यायालयाने द्यावयाचा होता. शब्दरचना इंग्रजी कायद्याशी जवळची असली तरी दोन भेद महत्त्वाचे आहेत. येथे विधवेला अग्रक्रम नाही आणि सहवासास कालमर्यादाही नाही. शिवाय ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या कायद्याने केली नाही. त्यामुळे सारा भार ‘राहणे’ या एका क्रियापदावर येऊन पडला.

हा भार मुंबईच्या समाजस्थितीत किती अवघड होता, हे सहज ध्यानात येईल. 1961 च्या जनगणनेतही या शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सातशेहून कमी होती. कोकणातून वा घाटावरून आलेला गिरणीकामगार चाळीच्या खोलीत भाऊ, पुतण्या किंवा गाववाल्यांसह राही. पत्नी व मुले गावी शेती आणि वृद्ध सासूसासरे सांभाळीत. दोन ठिकाणी मिळून त्याचे कुटुंब एकच असे, बिऱ्हाडे मात्र दोन असत. अशा स्थितीत कायद्याचे शब्द काटेकोरपणे लावले तर खोलीवरील हक्क पुतण्याकडे जाण्याचा संभव होता आणि जिच्या संसारासाठी ती खोली घेतली गेली, ती पत्नी ‘राहणारी’ ठरत नव्हती. उलट, नोकरीनिमित्त वा आजारपणामुळे काही काळ बाहेर गेलेला मुलगा सहवासी राहिला की नाही, हाही प्रश्न उरेच. देहाने उपस्थित असणे आणि घर आपले म्हणून तेथे वसणे, यांतील भेद शिधापत्रिका किंवा मतदारयादी यांसारखे कागद दाखवून पूर्णतः मिटत नाही. असे कागद पुराव्याचा एक भाग होत, निष्कर्ष नव्हेत.

1978 च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने या प्रश्नास अंशतः उत्तर दिले. सहवासी कुटुंबीय नसेल तर मयताच्या वारसास भाडेकरू मानावे, अशी भर तिने घातली. गावी राहिलेल्या पत्नीला यामुळे वाट मिळाली. पण ती दुसऱ्या पायरीवरची. सहवासी कुटुंबीय हजर असेल तर वारसाचा हक्क मागेच राहतो. 1994 साली सर्वोच्च न्यायालयाने, निवासी जागेचे असे भाडेकरूपण मृत्युपत्राने दुसऱ्यास देता येत नाही, असा निर्णय दिला. 31 मार्च 2000 पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमानेही हाच क्रम कायम ठेवला: प्रथम सहवासी कुटुंबीय, त्याच्या अभावी वारस.

या इतिहासावरून एक गोष्ट निश्चित होते. भाडेनियंत्रणाने दिलेले संरक्षण ही मालमत्ता नसून डोक्यावरील छपराची हमी आहे, असे विधिमंडळाने मानले. म्हणूनच रक्तसंबंधापेक्षा त्या छपराखालील वास्तव्यास अधिक मोल दिले. ही भूमिका तत्त्वतः न्याय्य होय. तथापि ती ज्या एका घरात, एका चुलीवर नांदणाऱ्या कुटुंबाची कल्पना गृहीत धरते, ते कुटुंब मुंबईच्या श्रमिकांपैकी फार मोठ्या वर्गाच्या वाट्यास आलेच नव्हते. कायद्याने सहवासाची कसोटी लावली. परंतु सहवास अशक्य करणारी वेतने आणि दहा बाय बाराच्या खोल्या हे त्या कसोटीच्या कक्षेबाहेरच राहिले. शहराच्या सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने भाडेवादांचे निवाडे वाचताना, खोलीत कोण राहत होते याबरोबरच कोणाला राहता आले नाही, हेही तपासले पाहिजे.