पल्लीकरणाई पाणथळीसमोर पूर आणि टंचाईचे दुहेरी आव्हान

चेन्नई : दक्षिण चेन्नईतील पल्लीकरणाई ही गोड्या पाण्याची दलदल शहराच्या पूरनियंत्रणाचा नैसर्गिक आधार मानली जाते. सभोवतालच्या तलावांतून ओसंडणारे पाणी येथे साठते आणि ओक्कियम मडुवू, बकिंगहॅम कालवा व कोवलम खाडीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. २०२२ मध्ये येथील १,२४७.५४ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तथापि, वसाहती, रस्ते आणि पेरुंगुडी कचराभूमीमुळे दलदलीचा मूळ विस्तार मोठ्या प्रमाणात घटला आहे.

तापमानवाढीमुळे हवेतील बाष्प वाढून ईशान्य मोसमी पावसाच्या काळात अल्पावधीत अतिवृष्टी होण्याची शक्यता बळावते. डिसेंबर २०१५ मधील पूर आणि डिसेंबर २०२३ मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी दलदलीलगतच्या वस्त्या जलमय झाल्या होत्या. समुद्रपातळी वाढल्यास खाडीकडील निचरा मंदावेल आणि खारे पाणी आत शिरून वनस्पती, मासे व स्थलांतरित पक्ष्यांचा अधिवास बदलू शकेल.

याउलट, २०१९ च्या उन्हाळ्यात चेन्नईचे प्रमुख जलाशय जवळपास कोरडे पडले होते. अशा वर्षी दलदल आटल्यास भूजल पुनर्भरणही घटेल. त्यामुळे उर्वरित क्षेत्र आणि पाण्याचे नैसर्गिक मार्ग मोकळे राखणे हे पक्ष्यांइतकेच शहरवासीयांच्याही सुरक्षिततेसाठी आवश्यक ठरते.