वर्धा नदीचे दोन काठ : नाचणगाव परिसरातील ग्रामनेतृत्व आणि त्याची पदनामे

वर्धा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, पुलगावास लागून, नाचणगाव हे जुने गाव आहे. तेथून वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, म्हणजे जुना वऱ्हाड, सुरू होतो. दोन्ही काठांवर भाषा एक, पीक एक, सोयरीकही एक. दोन्हीकडच्या गावांत ‘पाटील’ म्हणवणारी घराणी आहेत. विदर्भातील मान्यवर घराण्यांचा इतिहास लिहिणारे लेखक या सर्व पाटलांना सहसा एकाच मालेत ओवतात. तथापि महसुली व्यवस्थेच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, नदीच्या दोन काठांवर हा एकच शब्द दीर्घकाळ दोन निराळ्या अर्थांनी चालत होता. हा भेद दृष्टीआड झाल्यास पूर्वकाठावरील गावांच्या नेतृत्वाचा इतिहास समजत नाही. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार केला आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘पाटील’ या शब्दाचे मूळ ‘पट्टकिल’ या रूपात सांगितले जाते, आणि ते रूप मध्ययुगीन ताम्रपटांत आढळते. ‘मुकद्दम’ हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ पुढे असणारा, अग्रणी असा आहे. ‘देशमुख’ या शब्दात देश म्हणजे परगणा, आणि त्याचे मुख म्हणजे प्रमुख. या तिन्ही शब्दांत माणसाचे समाजातील स्थान सूचित होते. ‘मालगुजार’ या फारसी शब्दाची जात वेगळी आहे. माल म्हणजे सरकारी महसूल आणि गुजार म्हणजे भरणारा. मालगुजार म्हणजे सारा भरणारा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मालकीचा लवलेशही त्यात नाही. ‘लंबरदार’ या शब्दाचे पूर्वपद तर इंग्रजी ‘नंबर’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. गावाच्या अनेक हिस्सेदारांच्या वतीने ज्याचे नाव सरकारी नोंदीत अनुक्रमाने चढले, तो लंबरदार. अशा रीतीने गावाच्या पुढाऱ्याची नावे पाहत गेल्यास ‘अग्रणी’पासून ‘नोंदीतील अनुक्रमांका’पर्यंतचा प्रवास दिसून येतो.

आता राजकीय पार्श्वभूमी. वऱ्हाडात भोसले आणि निजाम यांची दुअमली होती. 1803 मधील देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्याला वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख सोडावा लागला. वर्धा ही खऱ्या अर्थाने राज्यसीमा झाली आणि नाचणगाव सरहद्दीवर आले. पश्चिम काठावर निजामाच्या अमलात पाटीलकी वंशपरंपरागत वतन म्हणून चालत राहिली. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला, पुढे तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पाहणी होऊन प्रत्येक खातेदाराशी थेट जमाबंदी झाली, आणि पाटील हा वतनदार ग्रामाधिकारी म्हणून कायम राहिला. 1900 च्या वऱ्हाड पाटील-पटवारी कायद्याने त्याच्या या स्थानास कायद्याची चौकट मिळाली. गावावर त्याचा अधिकार होता, परंतु गाव त्याच्या मालकीचे नव्हते.

पूर्वकाठावरील स्थिती भिन्न होती. तिसरा रघूजी अज्ञान असताना 1818 नंतर नागपूर राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याच्या हाती होता. त्याने 1827 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात येथील पाटलाचे वर्णन आहे. भोसल्यांच्या मुलखातील पाटील हा वतनदार नव्हता. तो सरकाराकडून गाव साधारणतः एका वर्षाच्या कराराने घेई, कुळांकडून सारा वसूल करी आणि ठरलेली रक्कम भरी. हिशेब पंड्या ठेवी. चांगली लागवड करवणारा पाटील वर्षानुवर्षे टिके, क्वचित मुलासही गाव मिळे. परंतु हा टिकाव सरकारच्या मर्जीवर आणि त्याच्या कर्तबगारीवर अवलंबून असे, जन्मसिद्ध हक्कावर नसे. 1803 नंतर राज्याचा मोठा भाग गमावलेल्या दरबाराने उरलेल्या मुलखातून अधिक पैसा काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हे पद अधिकच अस्थिर झाले. पूर्वकाठावरील ‘पाटील’ हा शब्द जुना असला, तरी त्यामागील माणूस पुष्कळदा नवा असे.

या अस्थिर पदाचे रूप इंग्रजी अमलात एकदम पालटले. 1853 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे प्रथम पुलगावजवळील कवठा येथे होते. 1866 मध्ये ते पालकवाडी येथे हलवून वर्धा शहर वसविण्यात आले. याच दशकात जमाबंदी झाली, आणि तीत पाटलांना, म्हणजे सारा भरण्याचा करार करणाऱ्यांना, गावाचे मालक ठरविण्यात आले. एका वर्षाच्या कराराचे रूपांतर वंशपरंपरागत, विक्रीयोग्य व गहाण ठेवता येणाऱ्या मालकीत झाले. काही जुन्या कुळांना ‘मलिक मकबुजा’ म्हणून आपल्या शेतापुरती मालकी मिळाली, काहींचे कुळहक्क सुरक्षित झाले, परंतु गाव मालगुजाराचे झाले. ‘भरणारा’ या अर्थाचा शब्द ‘मालक’ या अर्थाने रूढ झाला तो या घटनेमुळे. भाषेने येथे कायद्याचे अनुकरण केले.

मालकी विक्रीयोग्य होताच ती फिरू लागली. 1867 मध्ये लोहमार्ग नागपुरास पोचला आणि वर्धेचे खोरे कापसाच्या जगद्व्यापी बाजाराशी जोडले गेले. कर्जापायी अनेक मालगुजाऱ्या सावकार व व्यापारी यांच्याकडे गेल्या. मालगुजार गावात राहीनासा झाला, तेव्हा गावाचा कारभार पाहण्यास कोणी तरी हवा होता. म्हणून 1881 च्या मध्य प्रांत जमीन महसूल कायद्याने ‘मुकद्दम’ आणि गैरहजर मुकद्दमाच्या जागी ‘मुकद्दम गुमास्ता’ ही पदे बांधून दिली. गावाचा ‘अग्रणी’ आता दुसऱ्याचा गुमास्ता झाला.

या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध नाव जमनालाल बजाज यांचे. राजस्थानात 1889 मध्ये जन्मलेले जमनालाल वर्ध्याच्या बच्छराज यांच्या घराण्यात दत्तक आले. सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. 1936 मध्ये गांधीजी ज्या शेगावात राहावयास गेले, त्याची मालगुजारी मोठ्या अंशाने जमनालाल यांच्याकडे होती. 1940 मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. जमनालालांना लाभलेले पुढारीपण मालगुजारीतून आलेले नव्हते. ते त्यांच्या त्यागातून आणि कार्यातून आले. पद आणि नेतृत्व या दोन वस्तू भिन्न आहेत याचे याहून स्पष्ट उदाहरण या जिल्ह्यात मिळणे कठीण.

हा प्रश्न वर्धेच्या काठापुरता मर्यादित नाही. पश्चिम आफ्रिकेत नायजर नदीच्या मुखप्रदेशात गुलामगिरीतून वर आलेला जाजा हा एका व्यापारी घराण्याचा प्रमुख झाला, आणि 1870 च्या सुमारास त्याने ओपोबोचे राज्य स्थापिले. इंग्रजांनी प्रथम त्यास राजा मानले आणि व्यापारात तो आड येऊ लागताच 1887 मध्ये हद्दपार केले. पुढे त्याच प्रदेशात व त्याच्या उत्तरेस, जेथे गावसभांचा कारभार चाले तेथेही, सरकारी अधिकारपत्राने मुखिये नेमण्यात आले. 1929 मध्ये कराच्या भीतीने आणि या मुखियांच्या जाचाने हजारो स्त्रिया उठल्या. गोळीबारात पन्नासच्या आसपास स्त्रिया मारल्या गेल्या. ‘परंपरागत’ म्हणून नोंदलेले पुढारीपण लोकांच्या लेखी परंपरागत नव्हते, हे त्या उठावाने दाखविले.

1903 मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला, तरी नदीच्या दोन काठांवरील दोन पद्धती तशाच राहिल्या. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपुष्टात आली. 1960 मध्ये विदर्भ महाराष्ट्रात आला. महसुली पाटलांचे पद 1962 च्या कायद्याने रद्द झाले आणि 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील हा वंशपरंपरेने नव्हे, तर नेमणुकीने येणारा अधिकारी ठरला. ‘पाटील’ हा शब्द मात्र दोन्ही काठांवर आडनाव आणि मानाचे संबोधन म्हणून उरला. त्यातील अर्थभेद पुसला गेला, आणि म्हणूनच तो इतिहासकाराने जपून ठेवणे अगत्याचे झाले आहे.

नाचणगावासारख्या सरहद्दीवरील गावाच्या मान्यवरांची नोंद करताना म्हणून तीन प्रश्न विचारावे लागतील. हे पद कोणी दिले? ते कोणत्या वर्षापासून वंशपरंपरेने चालू लागले? आणि त्यापूर्वी त्या गावात कोणाचा शब्द चाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे जमाबंदीच्या कागदांत मिळू शकतात. तिसऱ्याचे उत्तर त्यांत मिळणे कठीण, कारण ते कागद सारा भरणाऱ्याची नावे लिहितात. कसणारी कुळे, पंड्या, कोतवाल आणि गावकामगार महार यांच्या घरांत जपलेल्या आठवणींची, शेतांच्या नावांची आणि बोलीतील शब्दांची नोंद झाल्यावाचून या गावांच्या नेतृत्वाचा इतिहास अपुराच राहील.