एका घोटाचा हिशेब

कोवळ्या वयाचीं मुलें मद्य वा अन्य मादक द्रव्यें किती घेतात, हें एकदां मोजणें फारसें कठीण नाहीं; परंतु तेंच मोजमाप ४०-५० वर्षें चालवावयाचें, तर प्रश्नांतील एकेका शब्दाला मोल येतें. अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठानें १९७५ सालीं बारावीच्या विद्यार्थ्यांची अशी वार्षिक पाहणी आरंभिली. १९९१ पासून आठवी-दहावीचे वर्गही तींत आले. लॉइड जॉन्स्टन व त्यांचे सहकारी यांच्या प्रश्नांचा गाभा साधा होता: आयुष्यांत, गेल्या १२ महिन्यांत आणि गेल्या ३० दिवसांत किती वेळां घेतलें? ३० दिवसांत २० वा अधिक वेळां घेणारास ‘रोजचा’ म्हणावें, असा संकेत ठरला.

पण ‘मद्य घेणें’ म्हणजे काय? सणाच्या जेवणाला वडिलांच्या पेल्यांतला घोट चाखणारा मुलगाही ‘होय’ म्हणणार, आणि मित्रांत बसून पेले रिचविणाराही ‘होय’च! १९९३ सालीं संशोधकांनीं ‘दोनचार घोटांहून अधिक’ अशी अट प्रश्नांत घातली. सदोष प्रश्न सरसकट बदलून मोकळें होण्याचा मोह कोणासही होईल. तसें झालें असतें, तर मुलें एका वर्षांत सुधारलीं असा डंका पिटला गेला असता. त्यांनीं त्या वर्षीं निम्म्या प्रश्नावल्यांत जुने शब्द ठेविले, निम्म्यांत नवे घातले. आयुष्यांत कधीं तरी मद्य घेतलें असें सांगणारे बारावींत जुन्या शब्दांनीं शेंकडा ८७ व नव्यांनीं ८० निघाले. आठवींत मात्र ६७.१ आणि ५५.७! वर्ष तेंच, देश तोच. अकरांहून मोठी तफावत केवळ त्या एका अटीची. लहानांत घोटाचेच धनी अधिक असावेत, हें साहजिक आहे.

शाळा सोडलेलीं वा गैरहजर मुलें या पाहणींत येत नाहींत, हा दोष लहान नव्हे. परंतु तो दरवर्षीं बहुतेक सारखा राहिला, तर चढउतार तरी विश्वसनीय ठरतात.

पुढें विजेच्या सिगारेटी आल्या. २०१५ सालीं वाफेंत काय होतें असें विचारतां पुष्कळांनीं ‘नुसता स्वाद’ असें उत्तर दिलें. त्यांत निकोटिन होतें कीं नाहीं, हें मुलांना तरी कोठून ठाऊक असावें? २०१७ सालीं निकोटिन, गांजा व स्वाद यांचे प्रश्न निराळे केले. २०१९ सालीं कागदाऐवजीं पाटीवजा संगणक आणले, तेव्हांही निम्म्या मुलांच्या हातीं कागदच ठेविला.