सिंगलटन म्हणजे काय? आणि स्टॅटिक मेथडशी त्याचं नातं काय?

नांदुऱ्यात कुणाला "हनुमानाच्या मूर्तीपाशी भेट" म्हणा, कोणती मूर्ती असं तो विचारणार नाही. महामार्गालगतची १०५ फुटांची मूर्ती एकच. प्रोग्रॅमिंगमधला सिंगलटनही असाच: एका क्लासचं एकच ऑब्जेक्ट, आणि कोडमध्ये कुठूनही तेच सापडतं.

आधी स्टॅटिक मेथड बघू. समजा 'शेत' नावाचा क्लास आहे. त्याचं प्रत्येक ऑब्जेक्ट म्हणजे एकेक शेत. कुणाची अडीच एकर कपाशी, कुणाचं एकरभर सोयाबीन. पीक विचारायचं तर आधी शेत हवं. पण ४० गुंठ्यांचा एक एकर, हा हिशेब कुठल्याच एका शेताचा नाही. तो करणारी मेथड ऑब्जेक्ट न बनवता थेट क्लासवरून वापरता येते. हीच स्टॅटिक मेथड. अर्थात, अमुक शेतात काय पेरलंय हे तिला ठाऊक नसतं.

सिंगलटन याच स्टॅटिकवर उभा असतो. क्लासचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करतात, म्हणजे बाहेरून नवं ऑब्जेक्ट बनवणं बंद. उरतं एक दार: बहुतेक जण 'गेट-इन्स्टन्स' म्हणतात ती स्टॅटिक मेथड. ती पहिल्यांदा ऑब्जेक्ट बनवून स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि पुढे दरवेळी तेच हातात देते. १९९४च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकातल्या २३ पॅटर्न्सपैकी हा एक.

डेटाबेस कनेक्शनसाठी तो हमखास वापरतात. पण इथेच मोठा गैरसमज आहे. पीएचपीमध्ये साधारणपणे प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीने सुरू होते. त्यामुळे 'एकच कनेक्शन' म्हणजे एका रिक्वेस्टपुरतं एक. समजा बारावीच्या निकालाची एखादी साइट आहे आणि दुपारी १ वाजता सगळे एकदम तुटून पडले. मायएसक्यूएलची मूळ सेटिंग एका वेळी १५१ कनेक्शनची. एकाच वेळी हजार रिक्वेस्ट चालू झाल्या, तर सिंगलटन असूनही हजार कनेक्शन मागितली जाणार. तिथे कनेक्शन पूलिंग आणि कॅशिंग लागतं.

जावा किंवा नोडमध्ये उलटं. प्रोसेस चालूच राहते, त्यामुळे तेच ऑब्जेक्ट सगळ्यांच्या रिक्वेस्टना मिळतं. त्यात कुणी 'सध्याचा विद्यार्थी' साठवला, तर तुमचे मार्क दुसऱ्याच्या स्क्रीनवर दिसू शकतात! माझ्या मते साइट बंद पडण्यापेक्षा ही चूक वाईट, कारण ती टेस्टिंगला बसलेल्या एकट्या माणसाला दिसतच नाही.

त्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एरिक गामा यांनीच २००९ च्या मुलाखतीत सिंगलटन यादीतून काढायला हवा, असं मत मांडलं होतं. आता लारावेलसारखे फ्रेमवर्क ही जबाबदारी क्लासकडून काढून घेतात: क्लास साधाच लिहायचा आणि त्याचं एकच ऑब्जेक्ट ठेवायचं, हे 'सर्व्हिस कंटेनर'ला सांगायचं. टेस्ट करताना त्या जागी खोटं कनेक्शन बसवता येतं.