तळटीप : ‘टेपर’ मंडळी
टेपर : ‘ग्रेटफुल डेड’ या कॅलिफोर्नियातील रॉक बँडच्या मैफली स्वतः ध्वनिमुद्रित करणारे चाहते. १९८४पासून बँडने त्यांना ध्वनिमिश्रकाच्या मागे वेगळी जागाच दिली; तिथे उंच दांड्यांवर मायक्रोफोनांचे रान माजलेले असे. अट एकच, विक्री करायची नाही. कोरी कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवला की नक्कल घरपोच. नकलेवरून नक्कल काढताना खरखर वाढे, म्हणून आपली फीत मूळ मुद्रणापासून कितव्या पिढीची, ही चौकशी आधी! कॉर्नेल विद्यापीठातील ८ मे १९७७च्या मैफलीची प्रसिद्ध फीत मात्र चाहत्यांची नव्हे. ती बँडच्याच ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी मुद्रित केली होती. वर्षानुवर्षे हातोहात फिरल्यावर ती अधिकृतपणे बाजारात आली २०१७ साली.